टेक्विन फोनची वायरिंग

शनिवारी हेलेद सांगायचं ठरवूनच आली होती. लिव्हरपूलहून निघताना तिने वाक्य तयार केलं होतं आणि अडीच तासांच्या रस्त्यात, डोंगर लागेपर्यंत, त्यातले शब्द तीनदा बदलले होते. "बाबा, लायसन्सच्या ऑफिसला ते पत्र मी पाठवलं." एवढंच. पुढचं तिने ठरवलं नव्हतं. पुढे ते बोलतील असं तिने धरलं होतं.

टेक्विन गॅरेजमध्ये होते. गॅरेज म्हणजे घरामागची पाटीच्या दगडाची खोली. तिच्यात ती जुनी हिरवी गाडी पन्नास वर्षं मागे-पुढे करून बसवलेली. बॉनेट उघडं होतं आणि सत्त्याहत्तर वर्षांचे तिचे वडील कोपरापर्यंत आत होते.

"आलीस? बरं झालं. तो दिवा धर. तुझ्या आईला धरायला दिला की ती सगळ्या गल्लीला उजेड दाखवते, मला सोडून."

"आधी चहा घेऊ या का?"

"चहा कुठे पळून जात नाही. ही पळत नाही तशीच." त्यांनी मडगार्डवर थाप मारली. "सुरू होते, जरा रेस दिली की खोकते आणि बंद. बॅटरी बघितली, कॉइल बदलली, प्लग बदलले. सगळी वायरिंग नवीन घातली. तरी तेच."

ती वायरिंग हेलेदच्या डोक्यातून पाच महिने गेली नव्हती. ऑक्टोबरात त्यांनी तिच्या हातात गाडीचं जुनं पुस्तक दिलं होतं आणि आकृती वाचून दाखवायला सांगितलं होतं. ती वाचायची "तपकिरी", ते निळी तार लावायचे. ती म्हणायची "पांढरी", ते नारिंगी उचलायचे. तिने दोनदा टोकलं. दोन्ही वेळा ते म्हणाले, "बरोबर आहे, पुढे वाच." त्याच दिवशी त्यांनी किटली रिकामीच गॅसवर ठेवली होती. परतीच्या वाटेवर तिने गाडी थांबवून थोडा वेळ डोळे मिटले होते, आणि नाताळनंतर ते पत्र लिहिलं होतं. माझ्या वडिलांनी गाडी चालवणं सुरक्षित आहे का, याची तपासणी व्हावी. नाव कळवू नये.

ऑफिसने नाव कळवलं नाही. टेक्विनना फक्त फॉर्म आला, डॉक्टरकडून भरून आणा म्हणून.

"इदवालकाकांचं गॅरेज होतं, त्यांना का नाही दाखवत?" ती म्हणाली. विषय तिथे नेण्याचा दुसरा रस्ता तिला सुचला नाही.

टेक्विन सरळ झाले. पाठीला हात लावून, सावकाश.

"त्या माणसाचं नाव ह्या खोलीत काढायचं नाही."

"लायसन्सवाल्यांना त्यांनीच कळवलं हे तुम्हाला कोणी सांगितलं?"

"त्यानेच. तोंडावर म्हणाला होता, टेक्विन, मला कोणाला तरी सांगावं लागेल. सांगितलं त्याने. चाळीस वर्षं चॅपलमध्ये एका बाकावर बसलो आम्ही. करंट तपासायचा त्याचा टेस्ट लॅम्प माझ्याकडे होता, वीस वर्षं होता. त्याच्या कुंपणाच्या भिंतीवर नेऊन ठेवला. दार नाही वाजवलं." ते परत वाकले. "दिवा हलवू नकोस."

तिने दिवा हलवला नाही. वाक्य ओठांवर होतं. बाबांच्या मानेवरचे पांढरे केस कॉलरमध्ये गेलेले दिसत होते आणि त्यांचा हात आत कुठेतरी एक स्क्रू शोधत होता. मग आईने मागच्या दारातून हाक मारली, लॉब्सगाऊस निवतंय म्हणून. ते दोघं आत गेले आणि मांस-बटाट्याचा तो घट्ट रस्सा ब्रेड बुडवून खाल्ला. टेक्विन खुर्चीतच झोपी गेले. चारला ती निघाली तेव्हा ते उठून बाहेर आले, तिच्या गाडीच्या टपावर दोन बोटं वाजवली आणि म्हणाले, "पुढच्या शनिवारी ये. तोवर चालू झालेली असेल."

मंगळवारी सकाळी, चहाचा कप हातात असताना, ते गेले.

*

अंत्यविधीला इदवाल चॅपलच्या शेवटच्या बाकावर होता. ज्या बाकावर तो आणि टेक्विन बसायचे तो बाक रिकामा राहिला. स्तोत्र सुरू झालं तेव्हा त्याचा आवाज मागून वेगळा ऐकू आला, कारण गावात तेवढा खालचा सूर दुसऱ्या कोणाचा नव्हता. नंतर शेजारच्या खोलीत सगळ्यांना चहा आणि हॅमचे सँडविच होते. तिथे तो आला नाही.

"नाही आला ते बरं झालं," नेस्टा म्हणाली. हेलेदची आई त्या दिवशी एवढं एकच वाक्य कडू बोलली.

त्यानंतर हेलेद दर शनिवारी येत राहिली. शुक्रवारी विद्यापीठाच्या ग्रंथालयातून सुटायचं, सकाळी निघायचं, कपाटं रिकामी करायची, आईची औषधं डब्यात भरायची, रविवारी परत. दहा शनिवार झाले. ती इतकी दमली होती की रस्त्यातले दिवे हिरवे झाले की मागचा हॉर्न वाजेपर्यंत तिला कळायचं नाही. वाक्य मात्र जागच्या जागी होतं. ज्याला सांगायचं तो माणूस राहिला नव्हता. पण ज्याच्या अंगावर ते येऊन पडलं होतं तो माणूस दोन गल्ल्या पलीकडे राहत होता. रोज सकाळी कुत्रा घेऊन चौकापर्यंत जात होता. आणि टेक्विन फोनला लायसन्सवाल्यांच्या तोंडी दिलं म्हणून अर्धं गाव त्याच्याशी हवापाण्यापलीकडे बोलत नव्हतं.

टेक्विन फोन आणि इदवाल गॅरेज. गावात टेक्विन तीन होते आणि इदवाल दोन, म्हणून माणसाच्या नावापुढे त्याचं काम लावायची पद्धत. टेक्विननी चाळीस वर्षं टेलिफोनच्या खांबांवर चढउतार केली होती. इदवालचं गॅरेज बंद होऊन पंधरा वर्षं झाली तरी नाव सुटलं नव्हतं.

मे महिन्यात नेस्टाच्या बहिणीचा मुलगा म्हणाला, गाडी मी नेतो, ट्रॉलीवर चढवून.

"ट्रॉलीवर नाही," नेस्टा म्हणाली. "चालत जाईल ती."

"आई, ती चालत नाही."

"मग चालव. ट्रॉलीवर ओढून नेली की सगळी गल्ली खिडकीत येईल आणि म्हणेल, बिचारा टेक्विन, शेवटी डोकं चालेना त्याचं, काय तारा लावून ठेवल्या बघा. मला ते ऐकायचं नाही."

हेलेदने खालच्या शहरातून एक मेकॅनिक बोलावला. तिशीतला, सभ्य होता. त्याने बॉनेट उघडलं, फ्यूजच्या डब्यापाशी बोट नेलं, पुस्तकातली आकृती बघितली आणि पुस्तक मिटलं.

"ही वायरिंग कोणी केली?"

"माझ्या वडिलांनी."

"रंग एकही जुळत नाही. असं शोधत बसलो तर आठवडा जाईल. सगळी काढून नवीन घाला." आवाज खाली आणून तो पुढे म्हणाला, "होतं असं वयामुळे. माझ्या आजोबांचंही झालं होतं."

नेस्टा दारात उभी होती. ती आत गेली आणि भांडी घासायला लागली. घासलेलीच भांडी होती ती.

*

इदवालने दार उघडलं तेव्हा हेलेदने फक्त गाडीचं सांगितलं. तो ऐकत राहिला. कुत्रा तिच्या बुटांचा वास घेत होता.

"नेस्टाला ठाऊक आहे का तू इथे आलीस ते?"

"आहे."

"काय म्हणाली?"

"चहा देणार नाही म्हणाली."

"मग थर्मास घेतो," इदवाल म्हणाला. भिंतीच्या खिळ्यावरून त्याने टेस्ट लॅम्प काढला, टोकदार दांड्याचा, मुठीत छोटा बल्ब आणि मागे चिमट्याची तार असलेला. खिशात टाकला. "मागच्या गल्लीतून येतो. पुढच्या दाराने नको."

त्याची बोटं संधिवाताने वाकडी झाली होती. गॅरेजमध्ये आल्यावर त्याने एक खोका उलटा करून त्यावर बैठक मारली.

"हात तुझे, डोळे माझे. आणि तोंडही माझंच, तेव्हा ऐकून घे. ही गाडी जुन्या रीतीची आहे. बॅटरीचं प्लस टोक हिच्या अंगाला बांधलंय, मायनस नव्हे. हल्लीच्या पोरांना हे कोणी शिकवत नाही. चिमटा कुठे लावशील?"

"इंजिनच्या लोखंडाला."

"टेक्विनचीच पोर. आता चावी फिरव."

स्टार्टर फिरला, इंजिनने एकदा-दोनदा धरलं, सुरू झालं. तिने पायाने जरा रेस दिली आणि ते खोकून मेलं.

"पुन्हा."

पुन्हा तेच. इदवालने डोळे मिटून ऐकलं.

"पेट्रोल नाही. पेट्रोलने मरते ती कुरकुरत मरते. ही दिवा विझल्यासारखी मेली. करंट तुटतोय. फ्यूजच्या डब्यापासून निघू या. पहिली तार कोणती?"

"निळी."

"पुस्तकात?"

"तपकिरी."

"कुठे जाते?"

तिने तार बोटाने चाचपत नेली. बॅटरीकडून आलेली होती, थेट, मध्ये कुठे जोड नाही, टोकाला डाग भरलेला, त्यावर रबरी नळी ओढलेली. "बॅटरीकडून आलीय. इथूनच यायला हवी ती."

"जाडी?"

"पुरेशी आहे."

"मग रंग सोडून दे. दुसरी?"

"नारिंगी. चावीकडे जाते. पुस्तकात पांढरी आहे." ती थांबली. "तिसरी हिरवी. चौथी तपकिरी. पाचवी करडी."

"करडी म्हणजे?"

"पाटीचा रंग," हेलेद म्हणाली आणि तिचा हात तसाच तारेवर राहिला.

निळा, नारिंगी, हिरवा, तपकिरी, पाटी. ती सहा वर्षांची असताना, ताप आला की, ते हे तिच्या पलंगाजवळ बसून म्हणायचे. टेलिफोनच्या केबलमध्ये शंभर तारा असल्या तरी त्या ह्याच क्रमाने मोजायच्या. पाच झाले की परत पहिल्यापासून, फक्त पट्टा वेगळा. खाली वाकून तिने सहावी बघितली. निळी, पांढऱ्या पट्ट्याची. सातवी नारिंगी, पांढऱ्या पट्ट्याची.

"काका, ही टेलिफोनची ओळ आहे."

"काय?"

"गाडीचे रंग नाहीतच हे. त्यांनी तार गाडीची घेतली आणि रंग एक्स्चेंजचे लावले. पहिली तार निळी, दुसरी नारिंगी. एकही चुकलेली नाही. बघा, पट्टे सुद्धा."

इदवाल उठून आला, वाकला, चष्मा कपाळावर ढकलून बराच वेळ बघत राहिला. मग त्याच्या छातीतून हसण्यासारखं काही आलं.

"गाढव. चाळीस वर्षं खांबावर काढली, तर आकृती कशाला बघेल? पुस्तकच चूक म्हणायचा. मला एकदा म्हणाला, मोटारवाल्यांना मोजता येत नाही म्हणून ते रंग वाटेल तसे टाकतात." तो परत खोक्यावर बसला. "वायरिंग सोन्यासारखी आहे, हेलेद. त्या पोराने काढून टाकली असती."

तिला बसावंसं वाटलं, पण दुसरा खोका नव्हता. म्हणजे ऑक्टोबरात ते बरोबर होते. पुढे वाच म्हणाले तेव्हाही बरोबर होते. एक वाक्य जास्त बोलले असते तर. पण ते कधी एक वाक्य जास्त बोलले नव्हते. आणि तिनेही विचारलं नव्हतं, काय करताय म्हणून. तिने फक्त टोकलं होतं आणि मग तिकीट लावून पाकीट पोस्टात टाकलं होतं.

इदवालने थर्मासचं झाकण भरून तिच्यापुढे धरलं. चहा फार गोड होता.

"डोकं शाबूत होतं त्याचं," तो म्हणाला. "डोळे नव्हते. डिसेंबरात चॅपलच्या वळणावर खड्ड्यात घातली त्याने तुझ्या आईची छोटी गाडी. मीच दोर लावून काढली. पोरीला सांगू नकोस म्हणाला. मी म्हटलं, पुन्हा झालं तर मला कोणाला तरी सांगावं लागेल. तेवढंच म्हटलं होतं." त्याने तिच्याकडून झाकण घेऊन उरलेला थेंब जमिनीवर झटकला. "तुला तरी सांगायला हवं होतं मी. फोन उचलून. ते नाही केलं."

हेलेदला हे ठाऊक नव्हतं. खड्डा, दोर, काही नाही. आता बोलता आलं असतं. तो तिच्याकडे बघत नव्हता, नजर इंजिनवर होती, आणि जागा मोकळी होती. ती म्हणाली, "पुढे काय बघायचं?"

"डिस्ट्रिब्युटरचं झाकण काढ."

तिने दोन्ही क्लिपा सोडल्या. आत एक गोल पत्रा, त्यावर पॉइंटची ती छोटी जोडी, जी उघडली की ठिणगी पडते. इदवालच्या सांगण्यावरून तिने पंख्याचा पट्टा हाताने ओढून इंजिन एवढंसं फिरवलं, पॉइंट मिटले तिथे थांबवलं. लॅम्पचं टोक कॉइलच्या, पॉइंटकडे तार जाते त्या बाजूच्या स्क्रूवर ठेवलं. चावी चालू केली. बल्ब विझलेला.

"बरोबर. मिटलेले असताना सगळा करंट तिथून अंगात जातो, बल्बला काही उरत नाही. आता पॉइंटना हात लावू नकोस. खालचा पत्रा स्क्रूड्रायव्हरने जरासा फिरव. रेस दिली की तो आपोआप फिरतो तसा."

पत्रा एका दाण्याएवढा सरकला आणि बल्ब पेटला. सोडला, विझला. फिरवला, पेटला.

"पॉइंट उघडले का?"

"नाही. मिटलेलेच आहेत."

"मग पत्र्याचा अंगाशी संबंध तुटतोय. त्याच्याखाली एक तार असेल, दीड इंचाची, कापडात गुंडाळलेली. मिळाली?"

मिळाली. बाहेरून धड होती, कापडसुद्धा उसवलेलं नव्हतं.

"दोन बोटांनी ओढ."

तार ताणली गेली, रबरासारखी. आत तांबं नव्हतंच, दोन टोकांना थोडं थोडं उरलं होतं. रेस नसली की ती टोकं एकमेकांना टेकत. पत्रा फिरला की सुटत.

"ही कोणी बघत नाही," इदवाल म्हणाला. "मीही माझ्या काळात दोन गाड्यांना कॉइल बदलून दिली होती, हीच तार असताना. टेक्विन पोचला असता. एकेक टोक धरत इथवर आला होता, अजून चार दिवस लागले असते त्याला."

तिने टेक्विनच्या डब्यातून तेवढाच तुकडा कापला, टोकं सोलली, स्क्रूखाली दाबली. झाकण बसवलं. आत बसून चावी फिरवली.

इंजिनने पहिल्या फेऱ्यातच धरलं. तिने रेस दिली, आवाज चढला. सोडली, उतरला. पुन्हा दिली. पाटीच्या भिंतींत तो आवाज इतका भरला की फळीवरचे डबे खडखडायला लागले. इदवाल टाळ्या वाजवण्यासारखे हात हवेत उडवत होता, आणखी दे, आणखी दे. मागच्या दारात नेस्टा येऊन उभी राहिली होती, ओला टॉवेल हातात. तिने इदवालकडे बघितलं. मग गाडीकडे. गॅरेजच्या आत मात्र पाऊल टाकलं नाही.

इदवालने तिला बघितलं आणि हात खाली घेतले. टेस्ट लॅम्पची तार गुंडाळली, खिशात टाकली, टोपी घातली. मागच्या गल्लीकडे निघाला. जाता जाता तो हेलेदच्या खिडकीपाशी वाकला आणि इंजिनच्या आवाजावर ओरडून म्हणाला, "नेस्टाला सांग, मी काही मागायला आलो नव्हतो."

"काका," हेलेद म्हणाली. "ते पत्र मी लिहिलं होतं."

त्याने कानामागे हात धरला. "काय?"

ती पुढच्या काचेकडे बघत राहिली. मग तिने चावी उलटी फिरवली. इंजिन थांबलं, डबे थांबले, आणि आईच्या टॉवेलमधून फरशीवर पडणारं पाणी ऐकू यायला लागलं. हेलेद गाडीतून उतरली आणि दोघांनाही ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाली, "लायसन्सच्या ऑफिसला ते पत्र मी लिहिलं होतं. इदवालकाकांनी नाही. मी. आणि बाबांना मी ते सांगितलं नाही."